आईवडिलांसाठी घर नीट करताना: आधी बिछान्यापासून संडासापर्यंतची वाट

घरातलं वयस्कर माणूस पडलं की पळापळ सुरू होते. मिरजेच्या दवाखान्याच्या फेऱ्या, खुब्याचं ऑपरेशन आणि घरी आणल्यावर कमोडची शोधाशोध. यातली बरीच कामं आधीच केली तर गवंड्याचे चार दिवस, प्लंबरची एक फेरी आणि वायरमनचा अर्धा दिवस एवढ्यात होतात.

मात्र सगळं घर एकदम उलटंपालटं करू नये. पैसे मध्येच संपतात, घरभर धूळ होते आणि ज्यांच्यासाठी हे चाललंय ते स्वतःच्याच घरात बावचळतात. कपाट कुठे गेलं, बटण कुठे गेलं हे रात्री आठवत नाही. म्हणून सुरुवातीला एकच वाट घ्या: रात्री दोन वाजता बिछान्यातून उठून संडासाला जायची. अंधार, अर्धवट झोप, लघवीची घाई आणि ओली फरशी, चारही गोष्टी त्या वाटेवर एकत्र भेटतात. ही वाट नीट झाली की उरलेलं सवडीने करता येतं.

मिस्त्रीला बोलवण्याआधी दोन दिवस नुसतं बघा. आई किंवा बाबा उठताना, वळताना हात कुठे टेकवतात? भिंतीवर, दाराच्या चौकटीवर, फ्रीजच्या कडेला हाताचे मळकट डाग असतात. माणूस जिथे आधार शोधतो तिथेच ते पडतात. आधाराच्या दांड्यांची खरी जागा तीच, म्हणून भिंतीला रंग द्यायच्या आधी त्यावर पेन्सिलने खुणा करून ठेवा. मग तीन मापं घ्या, पायात रोजची चप्पल असताना: जमिनीपासून गुडघ्यामागच्या वळीपर्यंत, जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंत (हात सैल सोडून) आणि जमिनीपासून वाकवलेल्या कोपरापर्यंत. पहिलं माप पलंग, खुर्ची आणि कमोडचं, दुसरं काठीचं, तिसऱ्यावरून ओट्याची आणि बटणांची उंची ठरते. हे सगळं त्यांना विचारून करा. न विचारता लावलेल्या दांडीला टॉवेल लटकतो, हात लागत नाही.

बिछाना आणि तिथून दारापर्यंत

पलंगाच्या कडेला बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि मांड्या जमिनीला समांतर किंवा किंचित उताराच्या असाव्यात. बहुतेकांना ही उंची १७ ते १९ इंच लागते. माप गादी दाबली गेल्यावरचं घ्यायचं. कापसाची जुनी गादी दोन इंच दबते, नवा फोम त्याहून जास्त. जुना नक्षीचा शिसवी पलंग बऱ्याचदा उंच असतो. त्यावर पाय लोंबकळतात आणि उतरताना माणूस घसरतच खाली येतो. जाड गादी काढून पातळ घातली तर अनेकदा तेवढ्यावर भागतं. लोखंडी कॉट बुटकी असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे द्या, पण ठोकळ्याला निदान एक इंच खोल खोबण हवी. सपाट ठोकळ्यावरून किंवा विटेवरून कॉट सरकते, तीही नेमकी माणूस कडेवर भार देऊन उठत असताना.

उठल्यावर मिनिट-दोन मिनिटं कडेवर बसायची सवय लावा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर झटक्यात उभं राहिल्यावर दाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

आता उजेड. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. त्यामुळे तुम्हाला पुरेसा वाटणारा झिरोचा दिवा त्यांना पुरत नाही. पलंगापासून हात न ताणता पोचेल असं एक बटण आणि त्याच दिव्याचं दुसरं बटण दाराशी, यालाच वायरमन टू-वे म्हणतात. शिवाय वाटेवर गुडघ्याच्या उंचीला प्लगमध्ये बसणारे दोन-तीन छोटे पिवळसर दिवे लावा, हालचालीवर लागणारे असले तर उत्तम. दिवा खाली असला की फरशी दिसते. डोळ्यांच्या रेषेत असला तर दिपतं आणि पायाखालचं आणखीच दिसेनासं होतं. वीज जाते त्या भागात संडासात आणि वाटेवर चार्ज होणारे एलईडी बल्ब लावा. वीज गेली तरी ते आपोआप लागतात, पण त्यांचं बटण चालू ठेवावं लागतं. घरचे बंद करतात आणि मग बल्ब बिघडला म्हणतात.

वाटेवरचं सामान आवरा. जुन्या साडीची विणलेली पायपुसणी, गोधडीचं लोंबणारं टोक, चार्जरची वायर, दाराआड ठेवलेला पाट. पायपुसणं हवंच असेल तर खाली रबर असलेलं आणि कडा न वळणारं घ्या. पाहुणे आले की माजघरात अंथरुणं पडतात, ती नेमकी याच वाटेवर. अंथरुणं घालताना भिंतीकडेचे दोन-अडीच फूट मोकळे सोडायचे हा नियम घरातल्या पोरांनाही माहीत असू द्या.

उंबऱ्याचा प्रश्न नाजूक आहे. पुढच्या दाराचा उंबरा पाडायला कुणी तयार होत नाही, आणि पाडूही नये. रोज हळदकुंकू लागलेला तो उंबरा निदान डोळ्यांना दिसतो. ठेच लागते ती आतल्या खोल्यांच्या आणि न्हाणीच्या उंबऱ्यांना. ते कुणी पुजत नाही, ते काढा. काढणं शक्य नसेल तर दोन्ही बाजूंनी उतार करा: उंबरा दोन इंच उंच असेल तर उतार दोन फूट लांब, म्हणजे एकास बारा. पुढच्या दाराची रांगोळी थोडी बाजूला काढा. गुळगुळीत ग्रॅनाइटवर रांगोळीची पूड पायाखाली आली की पाय सरकतो.

संडास

जास्तीत जास्त पैसे इथे घाला.

इंडियन भांडं काढून कमोड बसवायचा असेल तर तीन ठिकाणी चुका होतात. पहिली चूक जुना ट्रॅप (वास अडवायला पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप) तसाच ठेवण्याची. कमोडच्या पोटात स्वतःचा ट्रॅप असतो. खाली इंडियन भांड्याचा जुना ट्रॅप राहिला तर दोन ट्रॅप एकामागे एक होतात, मध्ये हवा अडकते, फ्लश केल्यावर पाणी चढतं आणि चोकअप सुरू होतं. भांड्याबरोबर तो ट्रॅपही काढायला लावा. दुसरी चूक मापाची. जमिनीत जाणाऱ्या पाइपाचा मध्य मागच्या भिंतीच्या टाइलपासून किती इंचांवर येतो ते मोजूनच कमोड विकत घ्या. ९, १० आणि १२ इंचांचे प्रकार मिळतात. आधी कमोड आणून मग पाइप वाकडा करून जुळवला की तिथेच गळतं. तिसरी चूक पायरी ठेवण्याची. इंडियन भांड्याचा चौथरा बऱ्याचदा सहा-आठ इंच उंच असतो, आणि कमोड त्याच चौथऱ्यावर बसवला तर खाली उतरताना पायरी लागते. चौथरा फोडून फरशी सपाट करून घ्या. वरच्या मजल्यावर ते जमत नसेल तर निदान चौथरा पुढे दोन-अडीच फूट वाढवा, म्हणजे पाय पूर्ण टेकून उभं राहता येईल.

सीटची उंची १८ ते १९ इंच. बाजारातले साधे कमोड सीटसकट १६ इंचांच्या आसपास असतात. गुडघे दुखणाऱ्याला तेवढ्यावरून उठवत नाही. वरून लावायची प्लॅस्टिकची उंच सीट मिळते, पण घेताना तिचे क्लॅम्प तुमच्या कमोडला घट्ट बसतात का ते पाहा.

फोडाफोडी नकोच असेल तर इंडियन भांड्यावर ठेवायची, मध्ये गोल भोक असलेली कमोड खुर्ची चालते. चारही पाय सपाट फरशीवर यायला हवेत. एक पाय जरी भांड्याच्या पायठ्यावर आला तरी खुर्ची डुगडुगते. भांडं चौथऱ्यावर असेल तर पाय कडेपासून तीन-चार इंच आत राहतात का ते मोजा. नसतील राहत, तर ती खुर्ची आणू नका. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकवेळचे ३००० रुपये खात्यात मिळतात. कमोड खुर्ची, घडीचा वॉकर आणि ट्रायपॉड काठी त्या यादीत आहेत.

आधाराची दांडी: कमोडवरून उठताना आधी खाली दाबून भार उचलायचा असतो आणि मग वर ओढून सरळ व्हायचं असतं. म्हणून एक आडवी दांडी सीटपासून ८ ते १० इंच वर आणि एक उभी, सीटच्या पुढच्या कडेच्या ८-१० इंच पुढे. दोन्ही मिळून इंग्रजी ‘एल’ आकाराची तयार दांडीही मिळते. लकवा झालेला असेल तर दांडी धडधाकट हाताच्या बाजूला. पाण्याच्या जेटचा हूक दांडीच्या खाली पण पुढे ठेवा. दांडीवरून सरकणाऱ्या हातात जेट आला तर माणूस जेटवरच भार देतो.

दांडीची जाडी मुठीत मावणारी, ३२ ते ४० मिलिमीटर. भिंतीपासून अंतर दीड इंच. कमी असेल तर बोटं जात नाहीत आणि जास्त असेल तर तोल जाताना कोपरापर्यंत हात आत जाऊन अडकतो. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या. टॉवेल रॉड आणि रबरी चोषकाने चिकटणारे हँडल यांना आधार समजू नका, दोन्ही ऐन वेळी निघून येतात.

भिंत ओळखल्याशिवाय भोक पाडू नका

दांडीपेक्षा भिंत महत्त्वाची. नऊ इंची पक्क्या विटेच्या भिंतीत १० मिलिमीटरचा लांब नायलॉन प्लग आणि स्टेनलेसचा स्क्रू चालतो, पण निदान तीन इंच विटेत गेला पाहिजे. टाइल आणि गिलावा मिळून सव्वा-दीड इंच होतात, ते यात धरायचे नाहीत. त्यामुळे दांडीबरोबर येणारे दीड इंची स्क्रू बाजूला ठेवा, ते गिलाव्यातच संपतात. दांडीच्या प्रत्येक टोकाला तीन स्क्रू.

चार इंची भिंत किंवा ब्लॉकची भिंत असेल तर आरपार बोल्ट घालून मागच्या बाजूला ४ बाय ४ इंचाची ५ मिलिमीटर जाड पट्टी लावा. मागे स्वयंपाकघर येत असेल आणि दिसायला बरं वाटत नसेल, तरीही लावा.

सातारच्या पेठांतल्या किंवा सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या नाहीतर भेंड्यांच्या (मातीच्या कच्च्या विटांच्या) असतात. त्यांत कुठलाच स्क्रू टिकत नाही. दोन महिने घट्ट वाटतो, मग माती सुटते. तिथे भिंतीचा नाद सोडा आणि जमिनीतून खांब घ्या: लोखंडी पाइप जमिनीत दीड फूट काँक्रीटमध्ये पुरून, वर तुळईला किंवा स्लॅबला बांधून. पाइप जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) असेल तर सव्वा इंची मागा. जीआयचं नाव आणि बाहेरची जाडी वेगळी असते: सव्वा इंची पाइप बाहेरून ४२ मिलिमीटर भरतो, दीड इंची ४८, आणि तो आजीच्या मुठीत मावत नाही. स्टेनलेसचा पाइप मात्र बाहेरच्या मापाने विकतात, त्यामुळे तिथे दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटरच.

टाइलवर भोक पाडताना चिकटपट्टी लावा, टाइलचा बिट घ्या आणि टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद ठेवा. आतले पाइप बहुधा नळापासून सरळ वर, सरळ खाली किंवा सरळ आडवे गेलेले असतात. त्या रेषा टाळा. काम झाल्यावर घरातल्या सगळ्यांत वजनदार माणसाने दोन्ही हातांनी दांडीला लोंबकळून पाहावं. जरासुद्धा कुरकुरली तर काढून पुन्हा लावायची.

न्हाणी

दार बाहेर उघडणारं हवं. आत पडलेलं माणूस दारालाच टेकून पडतं, आणि आत उघडणारं दार त्याच्या अंगावर ढकलावं लागतं. कडी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी. दाराची रुंदीही मोजा. जुन्या न्हाणीची दारं दोन फुटी असतात आणि घडीचा वॉकरही साधारण तेवढाच रुंद असतो, म्हणून वॉकर घेण्याआधी टेप लावा.

फरशी बदलायची असेल तर दुकानात ‘मॅट’ म्हणून मिळते ती आणि न घसरणारी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॅट म्हणजे नुसती चकाकी नसलेली. आर-११ दर्जाची मागा, ‘आर’चा आकडा फरशी किती कमी घसरते ते सांगतो. नमुन्यावर साबणाचं पाणी टाकून अनवाणी टाच घासून पाहा, याहून चांगली परीक्षा नाही. लहान चौकोनांची फरशी बरी, सांधे जास्त असले की पकड वाढते. पॉलिश न केलेली शहाबादीही चांगली, ती काढून गुळगुळीत टाइल घालू नका. उतार नहाणी ट्रॅपकडे, मीटरला एक ते दीड सेंटीमीटर. त्याहून जास्त दिला तर स्टूल तिरकं बसतं.

जत, आटपाडीकडे बोअरच्या जड पाण्याने साबणाचा पांढरा चिकट थर फरशीवर बसतो आणि चांगली फरशीही घसरडी होते. लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून आठवड्याला घासा. पाटण, जावळीकडे पावसाळ्यात शेवाळ. त्याला ब्लीचिंग पावडर, पण तिच्याबरोबर संडास धुवायचं ॲसिड कधीही वापरू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

अंघोळ बसूनच. प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय ओल्या फरशीवर फाकतात, त्यापेक्षा रबरी टोकांचं ॲल्युमिनियमचं स्टूल घ्या. बादली जमिनीवर ठेवली की प्रत्येक तांब्याला वाकावं लागतं. बसल्या जागेच्या बाजूला फूटभर उंच कडप्प्याचा कट्टा करून त्यावर बादली ठेवा. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. बंबाचं पाणी उचलून आणणं बंदच. गिझरचा थर्मोस्टॅट ५० अंशांच्या आसपास लावा आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक बसायची वेळ आली की वीज तोडणारं बटण) बसवून घ्या. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. गॅस गिझर न्हाणीत असेल तर तो आजच बाहेरच्या हवेत हलवा. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि चक्कर आलेल्या म्हाताऱ्या माणसाला दारापर्यंत पोचताही येत नाही.

संडास परसात असेल तर रात्रीसाठी खोलीतच भांड्याची कमोड खुर्ची ठेवावी. संकोच वाटतो, पडदा लावा. दिवसासाठी परसात तीन फूट रुंद काँक्रीटची वाट करा, ओली असतानाच झाडूने खरबरीत केलेली, एका बाजूला कठडा.

जोतं, पायऱ्या, जिना

उतार करायचा म्हटलं की एकास बारा. दोन फूट जोत्याला चोवीस फूट लांबी लागते, ती आपल्या अंगणात सहसा नसते. मग मिस्त्री आठ फुटांत उतार बसवून देतो, आणि तो पायऱ्यांपेक्षा वाईट. पावसात त्यावरून चालणारं माणूस सरळ खाली येतं. चाकाची खुर्ची नसेल तर उताराच्या भानगडीत न पडता पायऱ्या सुधारा: आठ इंचांच्या एका पायरीच्या चार-चार इंचांच्या दोन, प्रत्येकी पंधरा इंच रुंद, सगळ्यांची उंची अगदी सारखी. एखादी पायरी अर्ध्या इंचाने वेगळी असली तरी पाय चुकतो. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंचांचा पिवळा पट्टा. कठडा दोन्ही बाजूंना तीन फुटांच्या आसपास उंच, आणि शेवटच्या पायरीच्या पुढे एक फूट गेलेला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या उतारावरल्या घरांना रस्त्यापासूनच पायऱ्या असतात, तिथे तर कठडा आधी.

वाड्यातला भिंतीच्या आतला खडा जिना सुधारत नाही. खोलीच खाली आणा.

घरातल्या बाकीच्या जागा

झोपाळ्यावरून उठताना तो मागे जातो आणि माणूस पुढे पडतं. चढ-उतरायच्या वेळी तो अडवणारा साखळीचा हूक भिंतीत घाला. देव्हारा जमिनीलगत असेल तर कमरेच्या उंचीला घ्या आणि पुढे पाठ असलेली खुर्ची ठेवा, समईचं तेल फरशीवर सांडू नये म्हणून खाली ताट. रोजचे डबे कमर ते खांद्याच्या मध्ये. स्टुलावर चढायची वेळच येऊ नये. घरातही झिजलेल्या स्पंजच्या चपला आणि गुळगुळीत तळाच्या कोल्हापुरी नकोत. नऊवारीचा काठ घोट्याच्या वर राहील असं नेसायला सांगा. काठी मनगटाच्या घडीएवढी, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, आणि खालचं रबर झिजलं की लगेच बदला.

बिनतारी घंटीचं बटण न्हाणीत जमिनीपासून फूटभरावर लावा. पडलेल्या माणसाचा हात तेवढाच वर जातो. १०८, ११२ आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ हे आकडे ठळक लिहून फोनजवळ चिकटवा. माणूस पडलंच तर घाईने ओढून उठवू नका. एक पाय आखूड झालेला, बाहेर वळलेला दिसला तर खुबा मोडल्याची शक्यता धरा, तसंच झोपवून १०८ बोलवा.

भूकंप आणि पूर

पाटणकडे कोयनेचे धक्के नवे नाहीत, ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप तिथल्या म्हाताऱ्यांनी पाहिलेला आहे. उंच कपाटं वरच्या बाजूला एल-पट्टीने भिंतीला बांधा. तसंही तोल गेलेला माणूस कपाटाचंच दार धरतो.

सांगलीत तळमजल्यावर खोली आणताना पुराचा विचार करावा लागतो. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा पाणी घरांत आलं. खोलीतली बटणं आणि प्लग जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर घ्या, वयस्करांना तीच उंची सोयीची. आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याची ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. धडधाकट माणसं ४५ पर्यंत थांबतात. वॉकरवर चालणाऱ्या माणसाला ४० लाच हलवा, कमरेएवढ्या पाण्यातून बोटीत चढवणं त्यांना झेपत नाही. पावसाळ्याआधी एक पिशवी भरून ठेवा: महिन्याच्या गोळ्या, चष्म्याची जुनी जोडी, दवाखान्याचे कागद प्लॅस्टिकमध्ये, टॉर्च. पिशवीशेजारी घडीची कमोड खुर्ची आणि वॉकर. नातेवाइकांकडे असो वा छावणीच्या शाळेत, तिथे बहुतेक इंडियन भांडंच असतं.